एमिलचा भाऊ

एमिल व्होंद्रा स्वतःच्या घरात शिरतानाही दारावर टकटक करायचे.

खुर्चीला पाय लागला तर खुर्चीची माफी मागायचे.

ताटलीतला केकचा शेवटचा तुकडा कधी उचलायचे नाहीत. त्याचा अर्धा घ्यायचे. थोड्या वेळाने उरलेल्याचा अर्धा. शेवटी एक कण उरायचा, तो पाहुण्यांसाठी झाकून ठेवायचे.

निघायचं झालं की दोन्ही गुडघ्यांवर हात मारून "चला तर" म्हणायचे आणि मग दारात उभं राहून अर्धा तास बोलायचे.

कशाकडेही पाहिलं की किती टक्के नुकसान झालंय ते सांगायचे. माझ्या गाडीचं चाळीस. माझ्या प्रेमप्रकरणाचं साठ, पण मुळं शाबूत.

एखादी गोष्ट अगदीच वाईट असली तर म्हणायचे, "हे वेगळंच आहे." याहून कडक शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. आमच्या ओमाहात याहून कडक शब्द फारसा कुणी वापरतही नाही.

आणि दर गुरुवारी संध्याकाळी पाचला ते बोनाफेदेच्या हॉटेलात जाऊन कोळसा झालेला स्टेक खायचे. शेवटच्या घासापर्यंत. "अगदी हवं तसं," म्हणायचे.

त्यांना तो अजिबात आवडायचा नाही. हे मला एका फेब्रुवारीत कळलं, त्यांना दातांच्या डॉक्टरकडून घरी आणताना.

मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. साहित्याची पदवी घेऊन गावी परतले होते आणि वाचनालयात पुस्तकं जागेवर लावायचं काम करत होते. अंधारात गाडी चालवणं त्यांना नको वाटायचं, म्हणून गुरुवारी मी चालवायचे आणि बदल्यात जेवायचे. ते मला मास्तरीणबाई म्हणत. स्वतः ते आयुष्यभर गारपिटीच्या विम्याचे पंचनामे करत आले होते. गारा पडल्या की नेब्रास्काभर मक्याच्या शेतांत फिरायचं, फाटलेली पानं बघायची आणि किती टक्के गेलं ते सांगायचं. लग्न केलं नाही. आईवडिलांचे एकुलते एक. बहीण नाही, भाऊ नाही. हे लक्षात ठेवावं लागेल. पुढे मलाच ते लक्षात ठेवणं जड गेलं.

डॉक्टर नायगार्डनी सांगितलं होतं की ईस्टर झाला की वरचे सगळे दात काढायचे. मग कवळी. मग मऊ खायचं.

एमिल गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "मास्तरीणबाई, मला लाल आवडतो."

मला वाटलं, गाडीच्या रंगाबद्दल बोलताहेत.

"स्टेक," ते म्हणाले. "आतून लाल. मध्ये थंडच असला तरी चालेल."

मी गाडी कडेला घेतली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील जनावरांच्या बाजारात कामाला होते. रोज बोनाफेदेच्या दारावरून जायचे. वारा दक्षिणेकडून आला की बाजाराचा वास अख्ख्या गावाला यायचा आणि बोनाफेदेच्या धुराड्याचा वास फक्त त्या गल्लीला. वडील तिथे थोडं हळू चालायचे. आत कधी गेले नाहीत. एमिलना बढती मिळाली तेव्हा त्यांनी तपकिरी कोट शिवून घेतला आणि आत गेले. एकोणीस वर्षांपूर्वी. आतून लाल सांगितला.

बोनाफेदेकडे खिडक्या नाहीत. लाल कातड्याच्या बैठका, पांढरे टेबलक्लॉथ, आधी बर्फावर मुळे आणि सेलरीचे दांडे, मग स्टेक आणि त्याच्या शेजारी रश्श्यातली स्पगेटी, ती असतेच. वाढणारी माणसं ताट ठेवून जात नाहीत. उभी राहतात. गिऱ्हाईकाने मांस मधोमध कापायचं, आतला रंग बघायचा आणि बरोबर आहे की नाही ते सांगायचं. मग ती जातात.

त्या दिवशी वाढायला बर्नडीन होत्या. नव्या होत्या. मनगटाला पट्टी बांधलेली. शेजारच्या टेबलावरचा एक वकील त्यांच्यावर नुकताच ओरडला होता. एमिलनी मधोमध कापलं. आत सिमेंटचा रंग.

"कसं आहे?" बर्नडीननी विचारलं.

"अगदी हवं तसं," एमिल म्हणाले.

एकदा आवड कळली की बोनाफेदेकडे पुन्हा विचारत नाहीत. तिथला मान तो हाच. पुढच्या गुरुवारी एमिलनी तोंड उघडायच्या आत जळका स्टेक समोर आला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

मी विचारलं, मग जायचंच कशाला?

"न जाऊन कसं चालेल? तिला वाटेल, तिचं काही चुकलं."

मग सांगून टाका, मी म्हटलं. मी त्यांना चर्चला आग लावायला सांगत असल्यासारखं ते माझ्याकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं ती बाई आपल्याला चुकीचं वाढते आहे, हे तिला या वयात सांगायचं? तिचे गुडघे दुखतात, तरी ती आपलं ताट स्वतः आणते. तेव्हा ते काही सांगायचं नाही. पण एकदा, दात जायच्या आधी, बोनाफेदेकडचं लाल मांस खायचं होतं. शेजारच्या ताटांतलं इतकी वर्षं नुसतं बघितलं होतं. त्यांनी स्वतःच्या जबड्यावर हात ठेवला. "ईस्टरनंतर शंभर टक्के नुकसान," म्हणाले.

घरी पोचेपर्यंत बेत ठरला. मंगळवारी बर्नडीनची सुट्टी असते. मंगळवारी जायचं. बाकीच्यांनी ओळखू नये म्हणून कपाटातलं हिरवं जाकीट, तितर उडताहेत असं चित्र असलेला टाय आणि भांग उलट्या बाजूला. एवढंच. त्यांना हे पुरेसं वाटत होतं. आरशासमोर उभे राहून म्हणाले, "ओळखूच येत नाही." मी टायची गाठ नीट करून दिली.

मंगळवारी कुणीतरी आजारी पडलं होतं आणि बदलीवर बर्नडीन आल्या होत्या.

त्या टेबलाजवळ आल्या आणि थांबल्या. एमिलच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. भांग इकडचा तिकडे केलेला, तितरांचा टाय, खांदे तेच, कान तेच. बर्नडीन त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही एमिलचे भाऊ असणार."

नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं.

"हो," एमिल म्हणाले.

"नाव?"

"अँटन."

"एमिल कधी बोलले नाहीत."

"तो फारसा बोलत नाही," अँटन म्हणाले.

स्टेक कसा हवा, असं बर्नडीननी विचारलं. त्यांना तो प्रश्न तिथे दुसऱ्यांदा विचारला जात होता. आतून लाल, ते म्हणाले, आणि आवाज मध्येच चिरकला. ताट आलं. बर्नडीन उभ्या राहिल्या. मधोमध कापलं. रंग बघून ते इतका वेळ गप्प बसले की मला त्यांच्या पायाला पाय लावावा लागला.

"कसं आहे?"

"अगदी..." ते म्हणाले आणि थांबले. ते वाक्य एमिलचं होतं. "बरं आहे," अँटन म्हणाले.

बर्नडीन गेल्या. अँटन जेवू लागले. मधून मधून नॅपकीन डोळ्यांना लावत होते. शेवटी हाडाजवळचा तुकडा उरला. त्याचा त्यांनी अर्धा केला नाही. पूर्ण खाल्ला.

एकदाच, असं ठरलं होतं. पण निघताना बर्नडीन म्हणाल्या की पुढच्या मंगळवारी येणारच ना, आता मीही मंगळवारी असते, सुट्टी बदलून घेतली आहे. अँटननी येतो म्हणून सांगितलं.

अशा रीतीने एमिल गुरुवारी जळका खायला आणि अँटन मंगळवारी लाल खायला जाऊ लागले. गाडी दोन्ही दिवस मीच चालवायचे. एमिलची जागा कोपऱ्यातली, लांब लाल बैठक. अँटन बारजवळच्या लहान टेबलावर बसायचे. भावाच्या जागेवर बसणं त्यांना बरोबर वाटत नव्हतं.

अँटनचा स्वभाव वेगळा निघाला. ते हसायचे. पाण्यात बर्फ जास्त झाला तर सांगायचे. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी सॅलड परत पाठवलं. पानं मरगळलेली होती, मीही पाहिलं, पण ओमाहात मरगळलेलं सॅलड कुणी परत पाठवत नाही. परतीच्या वाटेवर एमिल घाबरून बसले होते. तो असं का वागला, मला विचारत होते.

गुरुवारी बर्नडीननी बर्फावरचे मुळे ठेवता ठेवता विषय काढला.

"तुमचा भाऊ आला होता. सॅलड परत पाठवलं."

"ऐकलं," एमिल म्हणाले. मान खाली.

"लहानपणापासून असाच का?"

"आईने लाडावून ठेवला."

"तुम्हाला नाही लाडावलं?"

"सगळं त्यालाच मिळालं," एमिल म्हणाले, आणि मी पाहिलं, त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाच्या वतीने बर्नडीनना चॉकलेटचा डबा पाठवला. पुढच्या मंगळवारी अँटनना त्यातलं एक चॉकलेट मिळालं. "तुमच्या भावाने पाठवलंय," बर्नडीन म्हणाल्या, "फार साधा माणूस आहे. तुम्ही थोडं त्याच्याकडून शिका." अँटननी चॉकलेट खाल्लं आणि बघू म्हणाले.

हे असंच ईस्टरपर्यंत चाललं असतं. पण मध्ये कार्मेलो पडला.

कार्मेलो बोनाफेदे आताचा मालक, आजोबांनी काढलेल्या जागेचा तिसऱ्या पिढीचा वारस. दोन भाऊ असताना एकत्र कधीच येत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. सगळ्या बोनाफेदेत तो एकटाच असा होता की ज्याला खरोखर दोन भाऊ दिसत होते. आणि दोन भाऊ एकत्र जेवत नाहीत याचा अर्थ त्याच्या घरात एकच होता. त्याचे वडील आणि काका रश्श्यात साखर घालायची की नाही यावरून तीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. एकाच स्वयंपाकघरात उभे राहून. काका गेले तेव्हाही वडील बोलले नाहीत. नंतर मात्र रोज कबरीवर जाऊन बोलायचे, आणि कार्मेलोला गाडी घेऊन सोबत जावं लागायचं.

त्याने एका गुरुवारी एमिलना गाठलं आणि खुर्ची ओढून बसला.

"व्होंद्रासाहेब, आईवडिलांच्या घरावरून का?"

"काय?"

"भांडण."

एमिलनी माझ्याकडे पाहिलं. भांडण नाही म्हणावं तर मग एकत्र का येत नाही, हे सांगावं लागलं असतं. "जुनं आहे," ते म्हणाले.

कार्मेलोने डोळे मिटून मान हलवली. जुनं म्हणजे काय असतं, हे त्याला कळत होतं. मंगळवारी त्याने अँटनना गाठलं. अँटन म्हणाले, त्यालाच विचारा. यावरून कार्मेलोने ओळखलं की चूक अँटनची आहे.

मग त्याने ठरवलं. बोनाफेदेकडे ज्यांची वर्षानुवर्षं एकच जागा, त्यांच्या नावाची पितळी पाटी त्या बैठकीच्या पाठीमागच्या लाकडावर लागते. तिथे वकिलांच्या आहेत, मक्याच्या व्यापाऱ्यांच्या आहेत, एका बिशपची आहे. पंचनामे करणाऱ्याची नव्हती. आता लागणार होती. ईस्टरच्या दोन आठवडे आधीचा गुरुवार. दोघा भावांनी एकत्र यायचं, एका टेबलावर जेवायचं, पाटी लावायची. पाटी कोरूनही झाली होती. तिच्यावर लिहिलं होतं, "व्होंद्रा बंधू".

हे कळलं त्या रात्री एमिलनी खाली बराच वेळ येरझाऱ्या घातल्या. मला वरून ऐकू येत होतं. मधून मधून खुर्चीची माफी मागत होते.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, अँटन हात धुवायला गेले असताना बर्नडीननी मला कोट टांगायच्या खोलीत ओढलं.

"बाळा, मी काय आंधळी आहे?"

त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुला म्हणून सांगते. त्यांना कळता कामा नये. पहिल्या दिवशी ताटं बदलली होती. ते जळकं त्या ओरडणाऱ्या वकिलाचं. एमिलनी कापलं आणि मला आतला रंग दिसला. मी चूक झाली म्हणणार तेवढ्यात हे म्हणाले, अगदी हवं तसं. आता असं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार? तुम्ही खोटं बोलताय?"

"आणि त्यांचं लाल?"

"वकिलाने खाल्लं. टिपसुद्धा ठेवली नाही."

"पण पुढच्या गुरुवारी..."

"पुढच्या गुरुवारी लाल नेलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, की मला कळलं होतं."

मी इथलीच आहे. मलाही ते बरोबर वाटलं.

बर्नडीननी सांगितलं की आचारी डेलमार चांगलं मांस जाळावं लागतं म्हणून गुरुवारची सुट्टी मागत असतो. स्वतः त्या दर गुरुवारी ते ताट उचलताना मान दुसरीकडे करतात. ईस्टरला त्या काम सोडणार होत्या, गुडघे आता ऐकत नव्हते. त्याआधी त्यांना एवढंच बघायचं होतं, की एमिल स्वतःच्या जागेवर बसून नीट जेवताहेत.

"अँटन तिथे बसत नाही," त्या म्हणाल्या. "बारजवळ बसतो. पाठ वाकडी करून. बघवत नाही मला." मग माझा दंड धरून म्हणाल्या, "गुरुवारी दोघांनाही घेऊन ये."

मी घेऊन येईन म्हटलं.

गुरुवार आला. एमिलनी तपकिरी कोट घातला. किराण्याच्या कागदी पिशवीत हिरवं जाकीट आणि तितरांचा टाय घेतला. बेत साधा होता. आधी एमिल जाऊन बसणार. अँटनला उशीर होतोय म्हणणार. मग पोटात दुखतंय म्हणून निघणार आणि थोड्या वेळाने अँटन येऊन भावाच्या वतीने पाटी स्वीकारणार. गाडीतून उतरताना मी विचारलं, जमेल ना. ते म्हणाले, "दहा-पंधरा टक्के नुकसान धरून चालायचं."

कार्मेलोने टेबलावर पांढरी फुलं ठेवली होती. पाटी, चार पितळी स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर एका बशीत ठेवले होते. सुताराला बोलावतो, तो म्हणाला. एमिलना ते चालणार नव्हतं. चार स्क्रूंसाठी माणसाला कशाला त्रास. त्यांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेतला, बैठकीवर गुडघा टेकला, बैठकीला सॉरी म्हणाले आणि डावीकडचे दोन स्क्रू घट्ट पिळले. उजवीकडचे दोन कोटाच्या खिशात टाकले, घरंगळू नयेत म्हणून. तेवढ्यात बर्नडीन आल्या.

त्यांच्या दोन्ही हातांत ताटं होती. कार्मेलोने सांगितलं होतं, दोघांचं एकदम. एमिलपुढे जळकं. समोरच्या रिकाम्या जागेपुढे लाल. त्याच्या कडेला रस जमा होत होता. एमिल पाटीचं विसरले.

"अँटन?" कार्मेलो म्हणाला.

"येतोय," एमिल म्हणाले. "गाडी लावतोय." माझी गाडी खिडकीतून दिसली असती तर बरं झालं नसतं, पण खिडक्या नव्हत्या.

लाल ताटावरची वाफ कमी होत गेली. एमिलची नजर तिथून हलत नव्हती. पोटदुखीचं ते सांगायला विसरले. एकदम उठले. "बघतो कुठे अडकला," म्हणाले, आणि टेबलाखालची कागदी पिशवी उचलून हात धुवायच्या खोलीकडे गेले. कार्मेलो पुढच्या दाराकडे बघत उभा राहिला.

अँटन मागून आले. भांग उलटा, केस ओले, टायमधले तितर पालथे उडत होते.

"आत कसे आलात?" कार्मेलो दचकून म्हणाला.

"मागच्या दाराने."

"आणि एमिल?"

अँटननी विचार केला. "मला शोधायला बाहेर गेला."

कार्मेलो कोट न घालताच बाहेर धावला. बाहेर वारा होता. त्याची हाक आम्हाला आतपर्यंत ऐकू येत होती. एमिल, एमिल.

अँटन उभे होते. लाल ताट एमिलच्या जागेसमोरच्या बाजूला होतं. बर्नडीननी काही न बोलता दोन्ही ताटं फिरवली. लाल ताट कोपऱ्यातल्या लांब बैठकीपुढे आलं. अर्ध्या लागलेल्या पाटीखाली.

"बसा," त्या म्हणाल्या.

"ती एमिलची जागा आहे."

"एमिल बाहेर आहेत. बसा."

अँटन बसले. मग बर्नडीननी कमरेचा लांब पांढरा एप्रन सोडला, घडी करून खुर्चीवर टाकला आणि त्यांच्या समोर बसल्या. बोनाफेदेकडे वाढणारं माणूस गिऱ्हाईकाच्या टेबलावर कधी बसत नाही. आचारी डेलमार स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"हे वाया जाईल," असं म्हणून बर्नडीननी जळकं ताट पुढे ओढलं. मधोमध कापलं. आत सिमेंट. एक तुकडा तोंडात घातला आणि चावू लागल्या. बराच वेळ चावत होत्या. अँटन बघत होते. मीही. शेवटी त्यांनी तो गिळला, पाणी प्यायल्या आणि ताटाकडे बघून म्हणाल्या, "हे वेगळंच आहे."

डेलमारने तोंड फिरवलं.

"आता तुम्ही," बर्नडीन म्हणाल्या. "मधून कापा."

त्यांनी कापलं. लाल. डेलमारने त्या दिवशी जीव ओतला होता. बर्नडीन पुढे वाकल्या.

"कसं आहे?"

एकोणीस वर्षं हे उत्तर त्यांच्या ओठांवर तयार असायचं. आता ते खरं होतं आणि निघत नव्हतं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"बर्नडीन," ते म्हणाले, "माझ्या भावाला..."

"थंड होतंय," बर्नडीन म्हणाल्या. "जेवा आधी."

ते जेवले. बर्नडीनही जेवल्या, जळकं, एकेक तुकडा, पाण्याच्या घोटाबरोबर. ते तोंड भरून खात होते आणि त्या त्यांच्याकडे बघत होत्या. अँटनच्या हनुवटीवर रस आला तो त्यांनी पुसला नाही. मी माझी स्पगेटी खाल्ली. मी इतकी पुस्तकं वाचली आहेत, पण त्या टेबलावर काय चाललं होतं त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

कार्मेलो परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. एमिल कुठेच नव्हते. पार्किंगमध्ये नाही, रस्त्यावर नाही. तो अँटनच्या शेजारी बसला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही आलात," म्हणाला. "तो पळाला. तुम्हाला बघितलं आणि पळाला. आता मला कळलं, चूक कुणाची आहे."

"तसं नाही. तो बरा माणूस आहे," अँटन म्हणाले.

"अडेल आहे."

"थोडा," अँटन कबूल झाले. त्यांचा चेहरा पडला होता.

कार्मेलोने बशीतला स्क्रूड्रायव्हर उचलून त्यांच्या हातात दिला. पाटी उजवीकडून सैल लोंबत होती. "राहिलेले दोन तुम्ही लावा. तुमचंही नाव आहे."

अँटननी हिरव्या जाकिटाच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग माझ्याकडे पाहिलं. स्क्रू तपकिरी कोटात होते. कोट कागदी पिशवीत. पिशवी हात धुवायच्या खोलीत, बेसिनखाली.

"स्क्रू एमिलकडे आहेत," ते म्हणाले. "तो येऊन लावेल."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर परत बशीत ठेवला.

ईस्टरला बर्नडीननी काम सोडलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात दात गेले. एमिल त्यानंतर बोनाफेदेकडे गेलेले नाहीत. गेले तर जळकं येईल, आणि कार्मेलो चार शब्द सुनावेल ते वेगळे. अँटन जातात, आता गुरुवारी. कार्मेलो त्यांना कोपऱ्यातच बसवतो. मांस लाल असतं, ते नखाएवढे तुकडे करतात आणि कवळीने हळूहळू चघळतात. जेवण आटपायला फार वेळ लागतो. बर्नडीन कधी कधी गिऱ्हाईक म्हणून येतात आणि विचारतात, एमिल कसे आहेत. बरे आहेत, अँटन म्हणतात. तुमची आठवण काढतो.

बर्नडीननी मला सांगितलेलं मी दोघा भावांपैकी कुणालाच सांगितलेलं नाही.

पाटी अजून दोन स्क्रूंवर आहे. कुणी जोरात बसलं की उजवीकडून खाली झुकते. वाढायला आलेल्या नव्या मुलीने मागच्या महिन्यात विचारलं, दुकानातून दोन स्क्रू आणून लावून टाकू का, एका मिनिटाचं काम आहे. अँटननी पाटीकडे पाहिलं आणि ती हाताने सरळ केली.

"राहू दे," म्हणाले. "भावाने अर्धं केलंय. तो करेल."

तपकिरी कोट खाली दारामागे टांगलेला आहे. एमिल टकटक करून दार उघडतात तेव्हा त्याच्या खिशात ते दोन स्क्रू एकमेकांवर वाजतात.